एक रांग जास्त

३ जून, मंगळवार

नवं पुस्तक शाळेत आलं. गणिताचा इतिहास! ग्रीक, मग अरब, मग पानंच्या पानं युरोप. आमच्यासाठी शेवटी एक चौकट. चौकटीत वाळूतली आमची रेघ, आणि खाली काय लिहिलंय? ‘चोक्वे लोकांची पारंपरिक सजावट.’

सजावट! म्हणजे आमचे म्हातारे जन्मभर वाळूत बोटं घालून वेलबुट्टी काढत बसले होते! डोकं असं तापलं की नववीच्या वर्गावर विनाकारण ओरडले. पोरांना वाटलं, गृहपाठावरून चिडले.

लगेच पुस्तकवाल्यांना ईमेलने पत्र टाकलं. चांगलं चार पानी.

५ जून, गुरुवार

राजधानीतून, लुआंडाहून, पुस्तकवाल्यांचा फोन. त्यांचे प्राध्यापक किंताश शनिवारी चौदा तारखेला कॅमेरा घेऊन सौरिमोला येणार. माझ्या समाहिनामामांना रेघ काढताना बघणार. हे गणित आहे असं पटलं तर पुढच्या आवृत्तीत आख्खा धडा.

धावत मामांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, शेजारी झेफेरिनो बसेल. झेफेरिनो! माझा धाकटा भाऊ. दिवसभर मोटरसायकलवर सवाऱ्या मारतो; ठिपका आणि खड्डा यातला फरक कळत नाही. पण तो पुरुष ना! रेघ शिकवतात ती मुकांडात, मुलग्यांच्या रानातल्या शिबिरात. बाईच्या बोटाला ती वर्ज्य. मामांचा वारस भाचा. भाची नाही.

८ जून, रविवार

मामांकडे पुन्हा गेले. आंब्याखाली मामा त्यांच्या बुटक्या स्टुलावर बसले होते. म्हटलं, “मामा, तुमच्यानंतर कोण?”

“झेफेरिनो आहे.”

“त्याला येत नाही. मला येतं.”

“तुला हिशेब येतो, मास्तरीणबाई. रेघ वेगळी.”

मास्तरीणबाई! हे टोचायचं असेल तेव्हाच.

काय वेगळी? बोटांची टोकं दाबून सारख्या अंतरावर ठिपके उठवायचे. मग एकच रेघ. न थांबता, बोट न उचलता सगळ्या ठिपक्यांना वळसे घालून सुरुवातीला परत यायचं, आणि तोंडाने गोष्ट चालू ठेवायची. बोट अडखळलं की बघणारे हुर्यो उडवतात. कुठल्या ठिपक्यांना एक रेघ पुरते, ते मी कॉलेजात असताना कागदावर शोधून काढलंय. चार आडव्या ओळी, पाच उभ्या रांगा – एक रेघ. चार आणि सहा – दोन लागतात, कारण दोघांनाही दोनने भाग जातो. आणि गंमत म्हणजे मामांनाही हे पक्कं ठाऊक आहे. ते भागाकार म्हणत नाहीत. म्हणतात, “एका कुळातल्यांचं लग्न लावू नये. चार आणि सहा भावंडं आहेत.”

हाच तर नियम! मग मी बाई असले म्हणून नियम बदलतो का?

११ जून, बुधवार

झेफेरिनोचा सराव बघितला. रेघ कुंपणाबाहेर गेली. मला बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, माझ्या जागी तूच बस ना, माझी सुटका होईल.” चिडायचं होतं, हसू आलं. मग जास्तच चिडले.

१४ जून, शनिवार

आख्खी वस्ती जमली. मामांनी ठेवणीतला सदरा घातलेला. चार ओळी, पाच रांगा ठिपके उठवले, नेहमीसारखे. तेवढ्यात कॅमेरावाला म्हणाला, “काका, उजवीकडे रिकामं दिसतंय. थोडं रुंद करा ना.”

आणि मामांनी केलं! पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, ही आमची जुनी खोड. त्या भरात एक उभी रांग वाढवली. सहा! मला दिसत होतं. ओठांवर आलं होतं. बाईने मध्ये बोलायचं नाही म्हणून गिळलं.

मामांनी कासवाची गोष्ट सुरू केली. कासव सासुरवाडीला निघालं, वाट कशी वळली… आणि कासव मध्येच घरी परत आलं. रेघ सुरुवातीला येऊन मिळाली, अर्धी वाट राहिली तशीच. मामांचं बोट थांबलं. लोकांनी हुर्यो उडवली. रीतच आहे ती, पण मामांवर कधी कोणी उडवली नव्हती.

किंताश वहीत लिहीत म्हणाले, “म्हणजे नियम असा नाही. पाठांतर आहे.”

मग मला राहवलं नाही. उठून म्हणाले, “नियम आहे. एक रांग जास्त झालीय. चार आणि सहा भावंडं. ती रांग पुसा, मामा.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग तळव्याने सगळे ठिपके पुसून टाकले, स्टूल उचललं आणि निघून गेले. गोष्ट अर्धीच राहिली.

१५ जून, रविवार

आई म्हणाली, “चारचौघांत माझ्या भावाचं नाक कापलंस.” आणि त्यांनी माझं कितीदा कापलं? ते कोण मोजतं?

आईने कसाव्याच्या पिठाचं फुंजे पुढे ठेवलं होतं, खाल्लं नाही. मामांसाठी सुक्या मासळीची वाटी पाठवली. तशीच झाकलेली परत आली.

१९ जून, गुरुवार

किंताशांचा निरोप. ‘चित्रीकरण सुंदर झालं. मात्र चौकटीतील मजकूर तूर्त तसाच ठेवत आहोत.’

सजावटच! मी सांगितलेला नियम चित्रीकरणात आहे, माझ्या तोंडून, स्वच्छ. पण तो मास्तरणीचा, शाळेत शिकलेला म्हणे – मामांचा नव्हे! आणि मामांना विचारावं तर ते माझ्याकडे बघतही नाहीत. तिकडचे म्हणतात तुमचं नाही, इकडचे म्हणतात तुझं नाही. आज खडू फेकला. फळ्यावरच, पण फेकला.

राग येतोच. पण आज दुपारी रडू पण आलं. मामा गेले की कासव कायमचं अर्ध्या वाटेवर राहणार.

२२ जून, रविवार

सकाळी दार उघडलं तर पायरीपुढे वाळू सारखी केलेली. वर ठिपके. चार ओळी, सहा रांगा! त्या दिवशीचीच चूक, जशीच्या तशी.

पलीकडे स्टुलावर मामा. वाटलं, टोमणा मारायला आलेत. मी तोंड उघडणार होते, तर त्यांनी गुडघे बाजूला घेऊन वाळूपाशी जागा केली.

मी बसले. शेवटची रांग तळव्याने पुसली. पहिल्या ठिपक्याशी बोट टेकलं.

आणि मामांनी गोष्ट सुरू केली.