कस्दीचा हेतू, माझ्या तोंडून

मुन्तिलान, मंगळवार

आदरणीय म्बाक रुक्मी यांना धाकट्या भावाचा सलाम.

थोरल्या बहिणीच्या तब्येतीची चौकशी पहिल्या ओळीत झाली नाही तर तुम्ही पुढचं वाचत नाही, म्हणून विचारतो : गुडघा कसा आहे? सेमारांगची हवा मानवते ना? देव करो आणि तुम्हाला साधं पडसंही न होवो. मी ठणठणीत आहे. जेवण जात नाही, झोप येत नाही, पण ठणठणीत आहे.

शाळेत मी जन्मभर पोरांकडून घोकून घेतलं, की इंग्रजांचं एका 'इंटेन्शन'वर भागतं, आपलं नाही. मनात, देवाला साक्षी ठेवून धरायची ती 'नियात'. दुसऱ्याच्या ओसरीवर बसून तोंडाने सांगायचा तो 'मक्सुद'. आणि शेवटी जिथे जाऊन पोचायचं ते 'तुजुआन'. (तिन्हींचा घोळ घालणाऱ्यांना मी नापास केलं. ती पोरं आज नातवंडं खेळवतायत.)

माझी नियात तुम्हाला ठाऊक आहे. बस-थांब्याजवळ उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी घालून विकणारी वार्सिनी. ती विधवा, मी विधुर. तिच्याशी लग्न करावं, एवढंच. रोज सकाळी जायचो, खायचो, परत यायचो. आपला हेतू आपणच सांगणं आपल्यात शोभत नाही, त्याला मध्यस्थ लागतो; आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या मागण्या घालणारा मध्यस्थ मीच. माझ्यासाठी बोलायला मी कुणाला सांगणार?

तर गेल्या आठवड्यात कस्दी आला. (शेजारचाच, पक्ष्यांच्या पिंजऱ्यांचा.) म्हणाला, "मास दार, तुम्ही मला थोरल्या भावासारखे, तुमच्यासारखं गोड कुणाला बोलता येत नाही. वार्सिनीकडे माझ्यासाठी मागणी घाला ना." अशा कामाला नाही म्हणायची रीत नाही. मी त्याला चहा पाजला आणि हो म्हटलं. पण म्बाक, हो म्हणताना माझ्या पोटात पाप होतं. मध्यस्थाने आपल्याच माणसाला कमीपणा द्यायचा असतो, हे तुम्ही जाणताच : आमचा नवरदेव अडाणी, आमची भेट क्षुल्लक, वगैरे. मी ठरवलं, या खेपेला कमीपणा खराखुरा द्यायचा.

रविवारी कस्दीबरोबर गुळातल्या चिकट भाताच्या वड्या घेऊन गेलो. (जोडप्याची गाठ सुटू नये म्हणून नेतात. तबक माझ्याच हातात दिलं होतं.) वार्सिनीच्या ओसरीवर मांडी घालून बसलो आणि सुरुवात केली. आमचा कस्दी कंजूष आहे, घोरतो, पहिली बायको अंथरुणाला खिळलेली असताना हा पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धेला गेला आणि बक्षीस घेऊन आला. एक अक्षर खोटं नव्हतं. मला वाटलं, मोडलं लग्न! तेवढ्यात वार्सिनीचे थोरले बंधू डोळे पुसत म्हणाले, "किती वर्षांनी अशी अस्सल जुनी नम्रता ऐकायला मिळाली हो!" कस्दीही गहिवरला. मी जितकं खरं बोलावं तितका सुसंस्कृत ठरत गेलो, आणि आतून होकार आला.

निघताना वार्सिनीने केळीच्या पानात माझा वाटा बांधून दिला, तिखट कमी, मला सोसतं तसं. हळूच म्हणाली, "इतकी वर्षं रोज येत होतात. मला वाटायचं, आज तरी हा माणूस येण्याचा हेतू सांगेल. शेवटी सांगायला आलात, तोही दुसऱ्याचा. अजून किती वाट बघू, मास?"

मी म्हटलं, "चटणी छान झालीय." आणि मी म्हणे भाषेचा मास्तर!

असो. मला काहीही वाटत नाही. भाच्यांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
दार्माजी

ता.क. : मी एवढा शोभलो, की लग्नात वार्सिनीच्या बाजूने मीच बोलावं असा तिच्या बंधूंचा आग्रह आहे. तेव्हा म्बाक, एक उपकार करा. लग्नाच्या सकाळी गंभीर आजारी पडा आणि भावाला ताबडतोब धाडा म्हणून कस्दीकडे फोन करा. गुडघ्याने भागणार नाही, छातीचं काहीतरी सांगा.

पुन्हा ता.क. : आजारी पडू नका. मी नाही गेलो तर दुसरा कुणीतरी बोलेल, आणि त्याला वार्सिनीचं काय ठाऊक? भाषण काल लिहून काढलं. फक्त एक अडलंय. रीतीप्रमाणे तिचा एखादा तरी दोष सांगायला हवा, तो मला सापडत नाही. मागे तुम्ही तिच्याकडे जेवला होतात. काही खटकलं असेल तर उलट टपाली कळवा.