वैरागच्या तीन फेऱ्या

अप्पा,

परवा आपली हिरवी गाडी मी वैरागला शर्यतीत पळवली. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांची शर्यत. बाजारपेठेतून निघायचं, वेशीला वळसा घालून परत, अशा तीन फेऱ्या. रस्ता दोऱ्या बांधून बंद केलेला, गच्च्यांवर माणसं, आणि बारा गाड्यांत बाई मी एकटी. तुम्ही असता तर मला चावी दिली नसतीत आणि तरी सगळ्यांच्या पुढं येऊन उभे राहिला असता. दादानं आधीच बजावलं होतं, तीन फेऱ्या पुऱ्या झाल्या तर गाडी तुझी, नाहीतर तो हॉटेलवाला मागतोच आहे, त्याच्या दारात शोभेला उभी राहील. त्या एका अटीपायी भवानी पेठेतल्या आपल्या शेडमध्ये चार महिने मी तिच्याखाली पाठ टेकून काढले.

काकांच्या लग्नाला करकंबला निघालो होतो ते आठवतंय? काका मागं मुंडावळ्या बांधून बसलेत, मी दहावीतली, तुमच्या शेजारी. बॉनेटमधून करपट वास येतोय. मी म्हणते, “अप्पा, थांबा की, पाणी उकळलंय.” तुम्ही समोर बघतच म्हणता, “गप बस. सोयरे वेशीवर उभे हायत, आता थांबायचं कुटं?” गाडी वेशीपर्यंत नेलीत खरी, पण इंजिनचं हेड वाकलं. आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीत. मग एका सकाळी पान्ह्यांचा डबा माझ्यापुढं सरकवलात. “खोल तू. तुला नाक हाय.” माफी मागायची तुमची तीच रीत. मी मात्र रुसलेलीच राहिले, कारण डबा मला दिलात आणि स्टिअरिंग दादाला. तो राग पुष्कळ वर्षं पुरला, अप्पा.

परवा तिसऱ्या फेरीला तोच वास आला. पाच गाड्या पुढं, सहा मागं. एका रसवंतीसमोर गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडलं. रसवाली बाई बादली घेऊन धावली. तिला म्हटलं, “टोपणाला हात लावू नका, आधी निवू दे.” ओलं पोतं रेडिएटरवर टाकून बसून राहिले. मागच्या सहाही गाड्या हॉर्न वाजवत निघून गेल्या. इंजिन निवलं, पाणी भरलं, आणि चावी फिरवताच सुरू झालं. मी पोचले तेव्हा पोरं दोऱ्या सोडत होती. दादा एवढंच म्हणाला, “लई उशीर केलास की.” मग माझ्यासमोरच हॉटेलवाल्याला फोन लावला, गाडी द्यायची न्हाय म्हणून. पुढच्या वर्षी तो शेजारी बसणार आहे, आणि चालवणार मी.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही; गाडीच्या कागदांत ठेवून देते. एक सांगायचं राहिलं. ती रसवाली बाई पहिल्यांदा म्हणाली होती, “बंद पडली व्हय?” एवढी माणसं बघत होती, अप्पा, आणि भर शर्यतीत आपणहून कोण थांबतं? मीच थांबवली असं म्हणायला जीभ रेटेना. “व्हय, पडली,” म्हटलं.