भोकाचा पैसा

नागपूर, ६ मार्च १९५७

ती. सौ. कमळाबाईस,
धाकट्या भावाचा, मुखरूचा सा. न. वि. वि.

बाई, मार्कंड्याच्या जत्रेत तू माझ्या मनगटाला बांधलेला काळा दोरा हरवला, आणि त्यात ओवलेला भोकाचा पैसाही. विमानाच्या कामाआधी हातातलं सगळं काढून ठेवायचं, असा आमच्याकडे नेम आहे. पण पुढच्या जत्रेपर्यंत काढायचा नाही अशी तू शपथ घातलीस, म्हणून मी तो बाहीखाली दडवायचं ठरवलं होतं. काल तुझ्याकडून परत येताच विमानाच्या शेपटीत शिरून काम केलं. बाहेर आलो तर मनगट मोकळं!

शेपटीत सुकाणूच्या तारा कप्प्यांच्या चाकांवरून जातात. तिथे पैसा अडकला तर वर आकाशात विमान वळणार नाही. फोरमनला लगेच सांगितलं. दोनदा शोधलं, मिळाला नाही. साहेब म्हणतात, बहिणीला विचार. दोरा तिच्या घरी राहिला असेल तर शेपटी बंद करून विमान सोडू. नसेल तर सगळं उकलावं लागेल, आणि माझी नोकरी बहुधा जाईल. निघताना तो हातात होता की नव्हता, मला आठवतच नाही. फार भीती वाटते. घर शोध आणि खरं ते कळव.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, या वेळी जरा जास्त असू दे.
तुझा मुखरू

मार्कंडा, ९ मार्च १९५७

चि. मुखरूस,
बाईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र वाचताच घर शोधायला घेतलं. तुझी बाज, न्हाणी, कोठीमागची जागा, गोठ्यातलं शेणसुद्धा उकरून पाहिलं. म्हशीने मला वेड्यात काढलं असेल. दोरा नाही.

तुझे भाऊजी म्हणाले, काऊन त्याची नोकरी घालवतं, सापडला म्हणून लिहून टाक, कोणाले कळते! मी तसं कार्ड लिहिलंही. मग घाटावर पाण्याला गेले. जत्रेहून परतणाऱ्या बाया लेकरं घेऊन नदीपार जायला डोंग्यात बसत होत्या. मला तुझ्या विमानात बसणारे दिसायला लागले. घरी येऊन कार्ड चुलीत घातलं.

मुखरू, दोरा इथे नाही. सगळं उकल. शपथ मी मोडली असं समज. चूक माझ्या बहिणीची, असं साहेबांना सांग.

भरल्या डोळ्यांनी आशीर्वाद.
तुझी बाई

नागपूर, १४ मार्च १९५७

ती. सौ. बाईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येताच शेपटीतल्या सगळ्या फळ्या उचलल्या. तुटलेल्या दोऱ्यासकट पैसा शेवटच्या कप्पीच्या बोटभर अलीकडे पडला होता. फोरमनने तो मुद्दाम कप्पीत सरकवला आणि सुकाणू हलवायला लावलं. ते उजवीकडे गेलं आणि परत आलंच नाही. साहेब तिथेच खाली बसले.

सगळं पुन्हा जोडून, तपासून विमान आज गेलं. एक बाई दोन लेकरं घेऊन चढली. नोकरीचं अजून काही कळलं नाही. आता दोरा बांधलास तरी शपथ घालू नकोस.

एकच गोष्ट राहून राहून मनात येते, बाई. तुझं ते पहिलं कार्ड आलं असतं तर मी आनंदाने खरं मानलं असतं, आणि शेपटी माझ्याच हाताने बंद केली असती.

असाच लोभ ठेव.
तुझा मुखरू