छोट्या लाईनचे इंजिन रिताच्या नावे

मी, कृष्णराव सदाशिव कापगते, वय एकाहत्तर, रेल्वेचा निवृत्त चालक, राहणार सानगडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा, आपल्या घराच्या ओसरीत बसून, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. धाक आहे, पण तो कोणा माणसाचा नाही. येत्या गुरुवारी नागपूरला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. मी घाबरलेलो आहे. मात्र भीतीने माझी बुद्धी फिरलेली नाही, हे येथे नमूद करतो.

कलम १. राहते घर आणि बँकेतील सर्व ठेवी माझी पत्नी निर्मलाबाई हिला द्याव्यात. तिच्या पश्चात घर आमचा एकुलता एक मुलगा धनंजय याला जावे. ती हयात असेपर्यंत घराची वाटणी, विक्री किंवा पुनर्बांधणी तिच्या होकाराशिवाय करू नये. तिला स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेलाच हवी असते. बांधकामवाले ऐकत नाहीत, म्हणून लिहून ठेवले.

कलम २. धानाची जमीन धनंजयला द्यावी. त्यातून बोडीभोवतीची पट्टी वगळावी. बोडी म्हणजे आमचे शेतातले लहान तळे. तिच्या काठाने मी रूळ टाकलेले आहेत. त्या पट्टीची व्यवस्था पुढे सांगितली आहे.

कलम ३. आता इंजिन. माझी नोकरी छोट्या लाईनवर, म्हणजे नॅरोगेजवर, कोळसा मारण्यापासून सुरू झाली. वाफेची इंजिने गेली, मग डिझेल आले, मग छोटी लाईनच उठली. निवृत्त झाल्यावर मी त्याच लाईनच्या इंजिनाची प्रतिकृती बांधायला घेतली. मूळच्या चौथ्या हिश्श्याची, सव्वासात इंच रुळांवर चालणारी. खेळणे म्हणून नाही. खरा कोळसा, खरे पाणी, खरी वाफ. मागच्या डब्यात बसून माणूस ती हाकू शकतो. बॉयलर तांब्याचा आहे. त्याचा प्रत्येक जोड मी स्वतः चांदीचा डाग देऊन जोडला आणि थंड पाण्याचा दुप्पट दाब देऊन तपासला.

इंजिन चालले माझ्यामुळे, पण खरे दिसले ते माझी सून रिता हिच्यामुळे. ती तुमसरची. माहेरी मूर्ती रंगवायचे काम. लग्न होऊन आली तेव्हा माझे इंजिन काळ्या रंगाचा नुसता डबा होते. तिने जुने फोटो भिंग लावून पाहिले. टाकीवर रिवेटांची डोकी एकेक करून बसवली, डब्यांना सागाच्या झडपा केल्या, चिमणीखाली काजळी कुठे जमते आणि पायरी कुठे झिजते ते रंगात उतरवले. माझ्याबरोबर पूर्वी काम केलेला कैलाश ते पाहायला आला, तर पायरीवर बोट ठेवून म्हणाला, "अगा, इथंच पाय ठेवत होतो मी."

पण इंजिनात विस्तव असला की रिता त्याच्या जवळ येत नसे. दूर आंब्याखाली उभी राही. धनंजय तिला हसायचा. मी कधी हसलो नाही. मला स्वतःला प्रत्येक वेळी काडी ओढताना भीती वाटत असे, आणि वाटत असे म्हणूनच मी आधी बॉयलरमधले पाणी पाहत असे.

कलम ४. मागच्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतर भरणाऱ्या आमच्या गावजत्रेच्या, दिवशी जे घडले ते येथे लिहितो, कारण गावात त्याची वेगळीच हकिकत सांगितली जाते.

मंडईला दरवर्षी मी लेकरांना बोडीभोवती फिरवून आणतो. त्या दिवशी डबे भरलेले होते आणि गाडी उभी होती. शेजारच्या मांडवात पाहुण्यांचे भाषण चालले होते. इंजिनाचा दाब ठरलेल्या हद्दीला पोचला, की सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि जादा वाफ सुसाट बाहेर सोडतो. कान फाटतील असा आवाज होतो, पण तोच आवाज जीव वाचवतो. माझ्या छातीत कळ आली म्हणून मी इंजिन चुलतभाऊ टेकचंद याच्या हवाली करून बाकावर जाऊन बसलो. तो दोन वर्षे माझ्याबरोबर इंजिनावर उभा राहिलेला. कशाला हात लावायचा नाही हे त्याला सांगून झालेले होते.

मांडवातून कोणीतरी ओरडले की भाषण ऐकू येत नाही. टेकचंदने पाना घेतला आणि व्हॉल्व्हचा नट आवळला. आवाज बंद झाला.

मला ते कळलेच नाही. रिता आंब्याखालून धावत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मामाजी, इंजिन चूप झालं! काहून चूप झालं?"

मी मान वर केली, तर व्हॉल्व्हमधून वाफ निघत नव्हती. मी उठेपर्यंत ती डब्यांपाशी पोचली होती. जिला विस्तवाची एवढी भीती, ती लेकरांना बखोटीला धरून खाली ओढत होती. "उतरा! सारे उतरा! तिकडं पळा, झाडाकडं!" एक पोरगी उतरायला तयार नव्हती, तिला तिने काखोटीला मारून नेले.

मी दाबाच्या काट्याकडे पाहिले. काटा लाल रेषा ओलांडून खिळ्याला टेकला होता. त्याच्यापुढे आकडेच नाहीत, त्यामुळे आत किती दाब आहे हे कोणालाच कळणार नव्हते. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसत होते, हा एकच दिलासा. मी जाळीची खीळ ओढून विस्तव खाली पाडला, थंड पाणी आत सोडले आणि शिट्टीची दोरी ओढून धरली, म्हणजे वाफ तिथून तरी निघावी. माझे तोंड बॉयलरपासून हातभर अंतरावर होते. पळून जावे असे शरीर सांगत होते. मी पळालो नाही, कारण पाय हलत नव्हते. याला कोणी शौर्य म्हणू नये.

शिट्टी वाजतच राहिली. मांडवातल्या लोकांना वाटले पाहुण्यांना सलामी दिली. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

काटा हळूहळू उतरला. मी जमिनीवर बसलो. टेकचंद जवळ येऊन म्हणाला, "दादा, काय झालं येवढं? काहीच तं नाही झालं ना!"

काहीच झाले नाही, हे खरे आहे. म्हणूनच आजपर्यंत त्याला कोणी काही बोलले नाही, आणि पुढच्या मंडईला गाडी पाहिजेच असे लोक मला रस्त्यात थांबवून सांगतात. मी मात्र तेव्हापासून घरात कुकरची शिट्टी होऊ लागली की उठून अंगणात जातो. निर्मलाबाई आता भात गंजात, म्हणजे साध्या पातेल्यात, शिजवते.

नंतर मी बॉयलर उघडून तपासला. फायरबॉक्सच्या, म्हणजे जिथे कोळसा जळतो त्या पेटीच्या, डाव्या पत्र्याला आतून फुगवटा आलेला आहे. तळहात फिरवला की लागतो. हा बॉयलर पुन्हा पेटवला तर कदाचित दहा वेळा काही होणार नाही.

कलम ५. सबब इंजिन, दोन्ही डबे, रूळ, बोडीभोवतीची पट्टी, माझा लेथ आणि सर्व हत्यारे मी माझी सून रिता धनंजय कापगते हिच्या एकटीच्या नावे करीत आहे. सध्याचा बॉयलर कोणीही, कोणत्याही कारणाने पेटवू नये. नवा बॉयलर करून, जाणकाराकडून तपासून घ्यायचा की इंजिन नुसते पाहण्यासाठी ठेवायचे, हे ती ठरवील. तिच्यावर कोणी जोर करू नये. मंडई कमिटीनेही नाही.

हे मी धनंजयला आधीच सांगितले. तो रागावला. "मी पोरगा असून मले नाही? अन् जिले भेव लागते तिले?"

मी म्हणालो, "तुले भेव लागत नाही म्हणून."

तो जेवणावरून उठून गेला. बेटा, जमीन तुला दिली यात माझा तुझ्यावरचा विश्वास आहे. इंजिन दिले नाही यात माझी तुझ्याबद्दलची काळजी आहे. तू ते पुढच्याच मंडईला पेटवशील. हसत हसत पेटवशील. मला ते आत्ताच दिसते.

रिताही तयार नव्हती. "मामाजी, मले नको. मले त्याच्याकडं पाहूनच थरथर सुटते."

"थरथर सुटली तरी तू धावत आली," मी म्हणालो. ती रडू लागली. मग डोळे पुसून तिने विचारले, "नवा बॉयलर कराले किती दिवस लागते?" किती लागतात ते मला ठाऊक आहे, पण तेवढे दिवस माझ्याकडे आहेत की नाहीत ते ठाऊक नाही.

कलम ६. चुलतभाऊ टेकचंद याला तो पाना द्यावा. त्याखेरीज माझ्या मालमत्तेतील काहीही त्याला देऊ नये. त्याच्याशी बोलणे मात्र बंद करू नये. तो वाईट माणूस नाही, हीच त्याच्याबद्दलची भीती आहे.

कलम ७. शस्त्रक्रियेत माझे काही झाल्यास बारा दिवसांच्या कार्यक्रमात कोणाकडूनही भाषण करवू नये. मला मरणाची भीती वाटते हे निर्मलाबाईला कोणी सांगू नये. ती धीराची आहे, तिच्यासमोर मी धीराचाच राहिलो.

वरील मजकूर साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. वाचण्याच्या ओघात कलम सातही वाचून गेलो. निर्मलाबाई दाराशीच सूप घेऊन बसलेली होती हे लक्षात आले नाही. कलम खोडू लागलो, तर तिने हात धरला.

"राहू द्या जी," ती म्हणाली. "मले बी लागते भेव. मी तं रोज देवघरात रडून राहिली. तुमच्यासमोर कशी रडू म्हणून चूप होती."

साक्षीदार अंगणाकडे पाहू लागले. कलम कायम ठेवले आहे, पण त्यातील निर्मलाबाईला सांगण्याची मनाई रद्द समजावी.

लिहून देणार : कृष्णराव सदाशिव कापगते (सही)

आमच्या डोळ्यांदेखत लिहून देणाऱ्याने सही केली व त्याच्या समोर आम्ही सह्या केल्या :
१. कैलाश मेश्राम, निवृत्त रेल्वे कर्मचारी, राहणार दिघोरी (सही)
२. पुंडलिकराव लांजेवार, शेती, राहणार सानगडी (सही)

ठिकाण : सानगडी
दिनांक : १२ जानेवारी २०२५