तिसऱ्या रांगेतलं हसू

आप्पा, आज सकाळी दूध उतू चाललं होतं आणि भांडं उतरवायची ती वस्तू मला मागता येईना. लेकीला म्हटलं, "अगं दे ना लवकर, ते... ते गं," आणि बोटांनी पकडून दाखवलं. कार्टी खो खो हसली. म्हणाली, "आई, हे उद्याच्या कार्यक्रमात घे, लोक हॉल डोक्यावर घेतील." दूध गेलं ते गेलंच.

लोक अजून तुम्हाला मोठे विनोदी लेखक म्हणतात. शिरूरच्या एसटी स्टँडवर तुम्ही कंट्रोलर होतात, हे आता कुणाच्या ध्यानात नाही. माईकवरून गाड्या पुकारता पुकारता तुम्ही एखाद्या प्रवाशाची फिरकी घ्यायचात आणि तोही हसतच गाडीत चढायचा. पुढं त्या फिरक्यांचीच पुस्तकं झाली, गावोगाव कार्यक्रम झाले. दर कार्यक्रमाला मला, तुमच्या लेकीला, तिसऱ्या रांगेत बसवायचात. "पब्लिक लाजतं, बाय. एकानं सुरुवात केली की समदी हसत्यात. मी तुझ्याकडं बघितलं की तू हसायचं." शिक्रापूरला मी एकदा पेंगले. घरी आल्यावर दारात चपला काढताना म्हणालात, "माझी गाडी आज फलाटावरच ठेवलीस तू." तेव्हापासून मी कधी चुकले नाही.

मग दौंड. दुपारची वेळ, हॉल गच्च भरलेला. तुम्ही तुमची ती गाजलेली गोष्ट सुरू करता, "प्रवाशांनी लक्ष द्यावं, दौंडहून आलेली गाडी..." आणि थांबता. पुढं शिरूर म्हणायचं असतं. जन्मभर माईकवर घेतलेलं नाव. "गाडी... कुठं लागली म्हनायची?" तुम्ही माझ्याकडं बघता. मी हसते. माझ्यामागून सगळा हॉल हसतो, शिट्ट्या पडतात. कंट्रोलर आपलंच गाव विसरला, काय भारी विनोद! तुम्ही पुन्हा माझ्याकडं बघता, माईकची दांडी घट्ट धरून. मी आणखी मोठ्यानं हसते. परतताना गाडीत तुम्ही एवढंच विचारलंत, "आपुन कुठं चाललोय गं?" पुढच्या दिवाळीला तुम्ही मला ओळखलं नाहीत.

उद्या शिरूरला माझा कार्यक्रम आहे, आप्पा. तुमचाच धंदा मी पुढं चालवला. लेक कारेगावला कंपनीत असते, खास रजा टाकून आलीय. ती तिसऱ्या रांगेत बसेल. मीच बसवते, मीच शिकवलंय. उद्या मी अडले आणि तिच्याकडं बघितलं, तर ती हसेल. तिला सांगायला हवं की बाई, हसू नकोस, उठून वर ये, माझा हात धर. दुपारपासून तीनदा हाक मारली. ती आली की मी म्हणते, "काही नाही, चहा टाक." फार भ्याले आहे मी. एकदा सांगितलं की ते खरं होणार.

हा कागद तिला वाचायला द्यायचा म्हणूनच घेतला होता. आता तुमच्या पुस्तकात घालून ठेवतेय. ती वस्तू समोर ओट्यावर पडलीय, तिचं नाव अजून आठवलेलं नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. दौंडला तुम्ही पहिल्यांदा बघितलंत तेव्हा मी नेहमीचा इशारा समजून हसले. दुसऱ्यांदा बघितलंत तेव्हा मला कळलं होतं.