पुडी ठेवायची नाही

अण्णा, माझा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसावर काय रागवायचं, असं लोक म्हणतात. म्हणोत. परवा पेपरात चार ओळी आल्या होत्या, कुठल्या तरी जेलमध्ये कैद्याच्या चपलेत तंबाखूच्या पुड्या सापडल्या म्हणून. वाचता वाचता मी मोठ्याने म्हणाले, चपलेत काय लपवतोस बाबा, अण्णांनी पहिल्यांदा चप्पलच उसवली असती. आणि मग मला असं काही भडकायला झालं की चहा तसाच टाकून उठले.

आई गेल्यावर जेलच्या क्वार्टरमध्ये आपण दोघंच उरलो. तुम्ही ड्यूटीवरून यायचात, खाकी शर्ट खिळ्याला अडकवायचात आणि खाटेवर बसून तळहातावर तंबाखू मळायला घ्यायचात. एकदा बार भरला की पुढचा अर्धा तास माझ्याशी नुसतं हं आणि अंहं. माझ्या लहानपणीची तुमची निम्मी उत्तरं मी नाकातूनच ऐकली आहेत. तेव्हा आत कैद्यांनाही बिडी-तंबाखू मिळायची, रीतसर, कँटीनमधून. मी अकरावीत असताना वरून हुकूम आला की आता आत काहीही चालणार नाही. तुमच्या सोबतच्या शिपायांनी कुरकुर केली, एकदोघांनी तर चोरून पुड्या पुरवायला सुरुवात केली. तुम्ही त्यातले नव्हतात. तुम्ही तो हुकूम डोक्यावर घेतलात. कोर्टाच्या तारखेहून परतलेल्या कैद्यांची झडती घ्यायचात आणि रात्री जेवताना मला सांगायचात, आज कॉलरच्या शिवणीत सापडली, आज साबणाची वडी कोरून आत भरली होती, आज पायजम्याच्या नेफ्यात. मी तव्यावर भाकरी उलटत ऐकायची. माझे वडील कुणाला फसत नाहीत, याचा मला केवढा अभिमान वाटायचा!

तो अभिमान एका सकाळी गेला. मी तुमचा डबा घेऊन गेटवर आले होते. सुरगाण्याकडची एक म्हातारी मुलाला भेटायला आली होती, पहाटेची एसटी धरून, फडक्यात नागलीच्या भाकरी बांधून. तुम्ही एकेक भाकर मोडून बघताय. एका भाकरीच्या पापुद्र्यात चिमूटभर तंबाखू निघते. म्हातारी हात जोडते. "सायेब, त्याला लय तलफ हाय. येडा व्हईल तो आत. येवढी जाऊ द्या." तुम्ही हनुवटी वर उचलून, तोंडातला रस सांभाळत म्हणता, "नियम म्हणजे नियम, म्हातारे." ती तुमच्या फुगलेल्या गालाकडे बघत राहते. मग अगदी साधेपणाने विचारते, "आन तुमच्या तोंडात काय हाय मंग?" रांगेतली माणसं हसली. तुमचा जोडीदारही हसला. तुम्ही बाजूला जाऊन पचकन थुंकलात, परत आलात आणि तिची भेट रद्द केलीत. ती भांडली नाही, रडली नाही. खाली बसून मोडलेल्या भाकरी गोळा करत राहिली. मी तुमचा डबा धरून उभी होते आणि मला मान वर करवत नव्हती.

संध्याकाळी मी विचारलं, "त्या बाईनं खोटं काय म्हटलं?" तुम्ही केवढ्याने खेकसलात! "मी कैदी आहे का? शिक्षा झालीय त्यानं सोडायची. मला कुणी शिक्षा दिलीय?" मी म्हणाले, "शिक्षा म्हणून नको. माझ्यासाठी सोडा." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मला वाटलं, आता हो म्हणताय. मग तुम्ही खिशातून चुन्याची डबी काढलीत.

मी ओझरला नोकरीला लागले आणि त्याच वर्षी तुमचं तोंड उघडेनासं झालं. आधी भाकर जाईना, मग भात जाईना, मग मी वरण गाळून चमच्याने भरवायला लागले. डॉक्टरांनी सगळं स्पष्ट सांगितलं आणि बजावलं, आता तंबाखूचा एक कणही नको. मी घरात बंदी घातली. ओझरहून बसने यायचं, द्वारका चौकात उतरायचं, तिथून रिक्षाने घरी, आणि पर्स ठेवून आधी तुमची झडती. उशीचा अभ्रा, रेडिओच्या सेलची जागा, साबणाची वडी, पायजम्याचा नेफा. सगळीकडे सापडायची. कुठे बघायचं हे तुम्हीच मला जेवताना शिकवलं होतंत. पुरवत होते तुमचेच दोस्त, बघायला येताना हातात केळी आणि खिशात पुडी. एकदा मी नेफा उसवत होते तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून बोबडं बोललात, "जेलर झालीस का गं?" हो, झाले. हौस नव्हती मला.

ती बंदी वाईट नव्हती, अण्णा. आतल्या कितीतरी जणांची तोंडं तिने वाचवली असतील. पण चांगली गोष्ट फक्त दुसऱ्याला शिक्षा म्हणूनच द्यायची असते, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? ज्यांची नावंही तुम्हाला धड ठाऊक नव्हती अशा माणसांच्या तंबाखूवर तुम्ही डोळ्यांत तेल घालून नजर ठेवलीत. आणि घरात मुलगी मागत होती ते हं आणि अंहंवर नेलंत. मला याचा संताप येतो. अजून येतो.

दहाव्याला आम्ही रामकुंडावर होतो. काकांनी पिंड मांडले, शेजारी तुम्हाला आवडायची ती शेवभाजी ठेवली आणि मग खिशातून पुडी काढली. गेलेल्याच्या आवडीची वस्तू ठेवली नाही तर कावळा शिवत नाही आणि आत्मा अडकून राहतो, असं मानतात, ते मलाही ठाऊक होतं. तरी मी काकांचं मनगट धरलं. "पुडी ठेवायची नाही." काका चकित झाले. "अगं, दादाचा सगळा जीव तिच्यात होता." "म्हणूनच नाही ठेवायची," मी म्हणाले. बायका कुजबुजायला लागल्या. कावळा काही शिवेना, तेव्हा काकांनी हात जोडून वचनं द्यायला सुरुवात केली, दादा, पोरीचं लग्न मी करून देतो, दादा, क्वार्टर सुटलं तरी तिला उघड्यावर पडू देणार नाही. ऊन चढलं, मागे दुसरी माणसं खोळंबली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही निघालो. परतताना काका एवढंच म्हणाले, "मेलेल्या माणसाला कसली बंदी घालतेस?"

मी सूड उगवला असं सगळ्यांना वाटतं, आणि मीही कधी ते खोडून काढलं नाही. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून इथे लिहिते. काका मोठमोठ्याने वचनं देत होते तेव्हा मी डोळे मिटून मनात म्हणत होते, अण्णा, आज तंबाखू नाही. आज नुसती मी आहे. एकदा तरी माझ्यासाठी या. बराच वेळ म्हणत होते. डोळे उघडले तेव्हा कावळे शेजारच्यांच्या पिंडावर बसले होते.