दोन बोटं जास्तीची

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार. मूल, जि. चंद्रपूर.
आजपासून रोज लिहायचं. रश्मी मॅडमनी क्लासमध्ये सांगितलं, अकाउंटंटला रोजच्या रोज नोंद करायची सवय पाहिजे. मॅडम चोवीस वर्षांच्या, मी त्रेचाळीस. क्लासमध्ये केस काळे करून येणारा मी एकटाच.
ठराव. एक, पहाटे पाचला उठून टॅली. दोन, कापड, कात्री, शिलाई मशीन हे विषय डोक्यातून काढून टाकायचे. वीस वर्षं 'रईस टेलर्स' चालवलं, रेडिमेडनं ते बसवलं, आता रडगाणं नको. तीन, रमजानच्या आत बायको तहसीन आणि पोरगी उमेरा घरी.
तिसरं तर झाल्यातच जमा आहे. तहसीन मे महिन्यात भावाकडे, अकरमकडे, चंद्रपूरच्या ऊर्जानगरला पंधरा दिवसांसाठी गेली. मग पोरीला सहावीत तिथंच घातलं. तात्पुरतं. परवा फोनवर म्हणाली, नोकरीचा कागद हातात पडला की फोटो पाठवा, मग उमेराचा दाखला काढायचं पाहू. म्हणजे कागदाचाच काय तो उशीर.

१८ नोव्हेंबर, सकाळी ८.४०
पाचचा गजर वाजलाच नाही. वाजला असेल तर हळू वाजला. उद्यापासून.

२४ नोव्हेंबर
टॅलीची परीक्षा. शंभरात अडतीस. मॅडम म्हणाल्या, सर, परत एकदा बसा. मला कोणी सर म्हणायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे मार्कांचं एवढं वाटलं नाही. शिवाय दोष अंगठ्याचा आहे. कात्रीनं वाकलाय, स्पेसबार दोनदा दाबला जातो.
दोन वर्षांत सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात लेखापाल. तिथं टेबलावर काच असणार. अकरम कंपनीच्या बसनं ड्युटीला जातो म्हणून मान वाकडी करून बोलतो. तेव्हा बघू.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
फोन केला. उमेरा ट्यूशनला. तहसीन पोळ्या करत होती. बोलणं एक मिनिट बारा सेकंद. त्यात तिनं जेवलात का विचारलं. आपण होऊन विचारलं.
जेवलो म्हणालो. मग वांगं भाजायला ठेवलं, ते करपलं. सवयीनं दोन ताटं काढली. जूनमध्ये तीन काढायचो. सुधारणा आहे.

३ डिसेंबर
नोकरी लागली. म्हणजे पंधरा दिवस ट्रायल. बशीरसेठची राइस मिल, सीझन जोरात. सेठ म्हणाला, "स्टॉकचं रजिस्टर सांभाळा. जमलं तं कागद देतो." कागद हा शब्द त्यानं काढला, मी नाही.
सेठच्या शर्टाचा डावा खांदा उतरतो. लक्ष दिलं नाही.
आपल्याला मात्र अकाउंटंटसारखा शर्ट पाहिजे. पांढऱ्यावर बारीक हिरव्या रेघा. ठराव दोन एका शर्टापुरता स्थगित.

८ डिसेंबर
काम अगदी सोपं. काट्यावर पत्रूभाऊ असतो, तीस वर्षं तिथंच. धानाचा कट्टा, म्हणजे पोतं, चढला की वजन ओरडतो आणि शेतकऱ्याची पावती फाडतो. मी रजिस्टरमध्ये लिहितो.
एक गोष्ट इथं कोणाच्याच ध्यानात आलेली नाही. धान ओलं येतं, वाळलं की हलकं होतं. कापड पहिल्या धुण्यात आकसतं, तसंच हे. म्हणून मी कट्ट्यामागं दोन किलो जास्त लिहितो. आत दोन बोटं कापड न सोडणाऱ्याला आमच्यात कारागीर म्हणत नाहीत. सेठला अजून सांगितलं नाही. चांगलं काम आपोआप दिसतं.

१२ डिसेंबर
उमेराचा फोन. २४ तारखेला शाळेचं गॅदरिंग, नाचात आहे, हिरवा ड्रेस पाहिजे. म्हणाली, अब्बू, तुम्ही शिवता का? मामू रेडिमेड आणतो म्हणतात. माप पाठवते म्हणाली. मी म्हणालो, बापाला माप सांगतेस का?
गेल्या रमजान ईदचा तिचा ड्रेस खुंटीलाच आहे. त्यावरून बेतला. वाढतं अंग, म्हणून खाली दोन बोटं आत सोडली. ठराव दोन पुन्हा स्थगित. दोन्ही वेळा कारण घरगुती.

१७ डिसेंबर
ड्रेस चंद्रपूरच्या बसमध्ये कंडक्टरजवळ दिला. अकरम स्टँडवर घेईल. ट्रायल उद्या संपते.

१९ डिसेंबर
नवा शर्ट घालून गेलो. कागद टाइप होऊन सेठच्या टेबलावर होता. उलट्या बाजूनंही माझं नाव वाचता येत होतं.
मग सेठनं गोदाम मोजलं. आठशे कट्टे. वहीत सोळा क्विंटल जास्त. सेठनं पत्रूभाऊला बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "पत्रू, माल कुठी गेला?" तो म्हणाला, "मले काय माहीत जी. मी एक दाणा नाई नेला." दुपारी डबा मांडीवर घेऊन बसला, उघडला नाही.
गप्प बसलो असतो तर कागद मिळाला असता. तीन वाजेपर्यंत गप्पच बसलो. लाज वाटते लिहायला. मग जाऊन सांगितलं.
सेठ म्हणाला, "तुमी आकडा काऊन वाढवला जी?" कापडाचं समजावलं. तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि कागद खणात टाकला. पत्रूभाऊ हसला नाही. डबा उघडला, अर्धा भात झाकणात काढून माझ्यापुढं सरकवला.
जाताना सेठ म्हणाला, कट्ट्याची तोंडं शिवायच्या मशीनवर माणूस नाही, उद्यापासून या, रोजीवर. मी कागदाचं विचारलं. "रोजीचा कागद नसते, भाऊ."

२० डिसेंबर
तीनशे कट्टे शिवले. माझी टीप सरळ येते. मोजणीसुद्धा होते, म्हणजे कामाचा हिशेबाशी संबंध आहेच.

२२ डिसेंबर
ड्रेस परत आला. आखूड होतो. सोबत उमेराची चिठ्ठी आणि या वेळी माप, नीट आकड्यांत लिहिलेलं. आत सोडलेली दोन्ही बोटं उसवली. तरी दोन बोटं कमी. टेप तीनदा लावला. टेप बरोबर आहे.
पोरगी चार बोटं वाढली आणि मी खुंटीचं माप घेत बसलो. फार वाईट वाटलं.
हिरवं कापड उरलेलं नाही. नव्या शर्टाची पाठ कापून खाली पट्टी लावली. हिरव्या रेघा ड्रेसला जुळल्या. मिलच्या धुळीत पांढरा शर्ट कशाला पाहिजे. सकाळच्या बसनं पाठवतो.

२४ डिसेंबर, संध्याकाळ
तहसीननं फोटो पाठवला. उमेरा नाचताना हललेली आहे, चेहरा दिसत नाही. पट्टी स्वच्छ दिसते. खाली लिहिलं होतं, छान झाला. कागदाचं काय झालं?
आधी लिहिलं, सेठ गावाला गेलाय. खोडलं. मग लिहिलं, कट्टे शिवतो, रोजीवर, कागद नाही. पाठवलं.
दोन निळ्या खुणा आल्या. पाऊण तास झाला. कार्यक्रम चालू असेल, तिथं आवाज फार असतो.
वांगं आज करपलं नाही. जेवायला एकच ताट काढलं. सवयीनं.